राष्ट्राध्यक्ष 'फिट' नाहीत हे ठरवायचं कुणी?

ऑगस्ट २०२५ च्या शेवटी सोशल मीडियावर अचानक आवई उठली की ट्रम्प गेले. कारण काय, तर दोन-तीन दिवस जाहीर कार्यक्रम नाही, त्याआधी हातावर निळसर डाग दिसलेले, सुजलेल्या घोट्यांचे फोटो फिरत होते, आणि त्यात अमेरिकेत लेबर डेची मोठी सुट्टी, म्हणजे लोकांना वेळच वेळ. २ सप्टेंबरला साहेब ओव्हल ऑफिसमध्ये पत्रकारांसमोर आले आणि आवई विरली. पण तिच्या मुळाशी जो प्रश्न होता तो काही विरला नाही, तो २०१६ पासून ट्रम्प यांच्या मागे आहे, मधे चार वर्षं बायडन यांच्या मागे लागला होता आणि आता परत ट्रम्प यांच्याकडे आलाय: हा माणूस हे पद सांभाळायला फिट आहे का, आणि नसेल तर त्याला कोण आणि कसं बाजूला करणार?

आपल्याकडच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पण "आता २५वी घटनादुरुस्ती लावणार, खेळ खल्लास" टाइपचे फॉरवर्ड येतात, न्यू जर्सीचा कुणी भाऊ किंवा मावशी पाठवते आणि मग सगळेच घटनातज्ज्ञ होतात. म्हणून म्हटलं हे प्रकरण आहे तरी काय ते एकदा नीट लिहून काढू.

सगळ्यात मोठा घोळ असाय की 'फिट नाही' या शब्दात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. पहिली, माणूस आजारी आहे, बेशुद्ध आहे, स्मरणशक्ती गेलीय, म्हणजे काम करणं त्याला शक्यच नाही. दुसरी, माणूस ठणठणीत आहे पण स्वभावाने लहरी आहे, खोटं बोलतो, रात्री-बेरात्री काहीही पोस्ट करतो, म्हणजे लायकी नाही. तिसरी, त्याने काहीतरी गंभीर गैरकृत्य केलंय. अमेरिकन घटनेत पहिल्यासाठी २५वी दुरुस्ती आहे, तिसऱ्यासाठी महाभियोग आहे, आणि दुसऱ्यासाठी, सॉरी, चार वर्षांनी येणारी निवडणूक सोडून काही नाही. आणि गंमत म्हणजे ट्रम्प यांच्याबद्दल लोकांची जी तक्रार असते ती नव्वद टक्के दुसऱ्या खान्यातली असते, पण औषध मात्र पहिल्या खान्यातलं मागतात.

मुळात राष्ट्राध्यक्ष व्हायला अटी किती, तर वय किमान ३५, जन्माने नागरिक आणि १४ वर्षं देशात वास्तव्य. बास. वयाची वरची मर्यादा नाही, मेडिकल नाही. आपल्याकडे रेल्वेत लोको पायलट व्हायचं तर डोळ्यांपासून सगळं तपासतात, इथे अणुबॉम्बचे आदेश एकट्याच्या अखत्यारीत असलेल्या माणसाला साधी बीपीची चिठ्ठी पण दाखवावी लागत नाही. ट्रम्प यांचा जन्म १४ जून १९४६ चा, जानेवारी २०२५ मध्ये शपथ घेतली तेव्हा ७८ वर्षं ७ महिने, म्हणजे शपथ घेणारे आजवरचे सगळ्यात वयस्कर. त्याआधीचा रेकॉर्ड बायडन यांचा.

हा प्रश्न घटना लिहिणाऱ्यांना सुचला नव्हता असं नाही हां. १७८७ ला फिलाडेल्फियात घटना लिहायचं काम चाललेलं असताना जॉन डिकिन्सन नावाच्या प्रतिनिधीने सरळ विचारलं होतं की 'असमर्थता' म्हणजे नक्की किती आणि तिचा न्याय करणार कोण. उत्तर कुणी दिलंच नाही! एक मोघम वाक्य टाकलं आणि पुढे गेले, आणि पुढची १८० वर्षं त्या मोघम वाक्यावर काढली.

मग त्या १८० वर्षांत काय काय झालं बघा. १८८१ मध्ये जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली, ते सुमारे अडीच महिने अंथरुणात झिजत राहिले आणि गेले, तेवढे दिवस सरकार जवळजवळ बिनडोक्याचं चाललं कारण उपाध्यक्ष आर्थर यांना वाटत होतं की आपण खुर्चीला हात लावला तर लोक म्हणतील टपूनच बसला होता. १८९३ मध्ये ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या तोंडात गाठ निघाली तर त्यांनी एका खासगी बोटीवर, चालत्या बोटीवर, वरच्या जबड्याचा भाग काढायचं ऑपरेशन गुपचूप करून घेतलं आणि लोकांना सांगितलं की दाताचा त्रास होता. एका पत्रकाराने खरी बातमी छापली तर त्यालाच खोटारडा ठरवलं, आणि खरं काय ते ऑपरेशनमधल्या एका डॉक्टरने १९१७ मध्ये लिहिलं, तोवर क्लीव्हलंड जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पण खरी कहाणी वुड्रो विल्सन यांची. २ ऑक्टोबर १९१९ ला त्यांना जबरदस्त स्ट्रोक आला, डावी बाजू लुळी पडली. पहिलं महायुद्ध नुकतं संपलेलं, व्हर्सायच्या तहावर सिनेटमध्ये मारामारी चाललेली, आणि राष्ट्राध्यक्ष अंधाऱ्या खोलीत पलंगावर. पत्नी एडिथ आणि डॉक्टर ग्रेसन यांनी ठरवून टाकलं की बाहेर काहीही कळू द्यायचं नाही. कागद एडिथबाईंच्या हातात जायचे, कुठले आत न्यायचे आणि कुठले नाही ते त्या ठरवायच्या, आणि बाहेर यायचं ते त्यांच्याच अक्षरात खरडलेलं, 'राष्ट्राध्यक्ष म्हणतात की...' परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी मंत्रिमंडळात विषय काढला की आता उपाध्यक्षांकडे कारभार द्यायला हवा का, तर ग्रेसन आणि विल्सन यांचे सचिव टमल्टी दोघांनी साफ सांगितलं की आम्ही असल्या कागदावर सही करणार नाही. डिसेंबरमध्ये सिनेटने संशय येऊन दोन जणांना बघायला पाठवलं, तर विल्सन यांना हनुवटीपर्यंत पांघरूण घालून, लुळा हात झाकून, चांगला हात तेवढा बाहेर ठेवून, पाहुण्यांना उजव्या बाजूला बसवलं. त्यातले सिनेटर फॉल विरोधी पक्षाचे, ते म्हणाले आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतोय, तर विल्सन म्हणे पटकन म्हणाले, "कुठल्या बाजूने, सिनेटर?" पाहुणे गार. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की डोकं एकदम तल्लख आहे. म्हणजे एका हजरजबाबी वाक्यावर सव्वा वर्ष निघालं, विल्सन मार्च १९२१ पर्यंत पदावर राहिले. आणि लॅन्सिंग, ज्यांनी योग्य प्रश्न विचारला होता, त्यांना फेब्रुवारी १९२० मध्ये राजीनामा द्यायला लावला, कारण तुम्ही माझ्या परवानगीशिवाय मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या!

मला तर वाटतं हा सगळा विषय समजायला हा एक किस्सा पुरेसा आहे. माहिती कुणाकडे होती? बायको आणि डॉक्टर. अधिकार कुणाकडे होता? कुणाकडेच नाही. आणि बोलला त्याचं काय झालं? घरी गेला.

पुढे रूझवेल्ट यांचं पण तेच, मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञाला हार्ट फेल्युअर दिसलं, जनतेला सांगितलं तब्येत उत्तम, नोव्हेंबरमध्ये चौथ्यांदा निवडून आले आणि १२ एप्रिल १९४५ ला गेले. मग १९५५ मध्ये आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक, दोन वर्षांनी स्ट्रोक, तेव्हा त्यांनी आणि निक्सन यांनी आपसात एक पत्र लिहून ठेवलं की मी पडलो तर तू बघ, ज्याला कायद्याने किंमत शून्य. शेवटी १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांना स्वतःला आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला, उपाध्यक्षपद रिकामं (तेव्हा मधेच भरायची सोयच नव्हती), पुढच्या रांगेत सभापती मॅकॉर्मॅक वय ७१ आणि त्यांच्यामागे सिनेटचे हेडन, वय ८६. ऐन शीतयुद्धात ही रांग! मग इंडियानाचे सिनेटर बर्च बाय यांनी विषय लावून धरला आणि २५वी घटनादुरुस्ती १९६५ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, पास होऊन १० फेब्रुवारी १९६७ ला राज्यांच्या मंजुरीसह लागू झाली.

तिची चार कलमं आहेत. पहिल्या दोनमध्ये वारसा आणि रिकामं उपाध्यक्षपद भरणं, त्यावर वेळ घालवत नाही. तिसरं कलम म्हणजे राष्ट्राध्यक्ष स्वतःहून लिहून देतो की मी थोडा वेळ उपलब्ध नाही. धाकट्या बुश यांनी कोलोनोस्कोपीसाठी दोनदा दिलं, बायडन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलं तेव्हा कमला हॅरिस ८५ मिनिटं कार्यवाहक राष्ट्राध्यक्ष होत्या. इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत.

सगळा दंगा आहे चौथ्या कलमाचा. राष्ट्राध्यक्षाला स्वतःला कळत नाहीये किंवा तो मान्य करत नाहीये अशा वेळेसाठीचं हे कलम, आणि आजपर्यंत ते एकदाही वापरलेलं नाही. कसं चालतं? उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळातल्या मुख्य खात्यांच्या मंत्र्यांपैकी बहुमत, म्हणजे १५ पैकी ८, यांनी मिळून काँग्रेसला लिहून द्यायचं की राष्ट्राध्यक्ष काम करायला असमर्थ आहेत. त्या क्षणी उपराष्ट्राध्यक्ष कार्यवाहक होतात, मतदान नाही काही नाही. पण राष्ट्राध्यक्षाने उलट पत्र पाठवलं की मी ठणठणीत आहे, तर तो परत येतो, जोवर तीच मंडळी चार दिवसांत पुन्हा लिहून देत नाहीत की नाही हो, खरंच असमर्थ आहेत. तसं दिलं तर मामला काँग्रेसकडे, अधिवेशन चालू नसेल तर ४८ तासांत जमायचं आणि २१ दिवसांत निकाल लावायचा. आणि राष्ट्राध्यक्षाला बाजूला ठेवायचं तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, सगळे हजर धरले तर प्रतिनिधिगृहात ४३५ पैकी २९० आणि सिनेटमध्ये १०० पैकी ६७. एवढं नाही जमलं तर साहेब खुर्चीत परत, आणि मग त्या आठ मंत्र्यांची नोकरी किती तास टिकेल ते तुम्हीच सांगा.

आता हे महाभियोगाशी लावून बघा. महाभियोगात प्रतिनिधिगृहात साधं बहुमत चालतं, दोन तृतीयांश फक्त सिनेटमध्ये. म्हणजे २५वी ही महाभियोगापेक्षा अवघड आहे, सोपी नाही! आणि महाभियोगाने माणूस कायमचा जातो, २५व्या दुरुस्तीने तो नावाला राष्ट्राध्यक्षच राहतो, फक्त अधिकार दुसऱ्याकडे, आणि तो पुन्हा पत्र पाठवून हाच खेळ परत सुरू करू शकतो. त्यामुळे ज्यांना वाटतं की महाभियोग जमत नाही तर निदान २५वी तरी लावा, त्यांनी हे आकडे आधी बघावेत. हे मुद्दामच अवघड ठेवलंय, कारण बर्च बाय आणि मंडळींना भीती होती की नाहीतर महत्त्वाकांक्षी उपाध्यक्ष चार मंत्री हाताशी धरून सत्ता बळकावेल. 'असमर्थ' शब्दाची व्याख्या पण मुद्दामच केली नाही, पण तेव्हाच्या चर्चेत हे स्पष्ट होतं की अलोकप्रिय असणं किंवा चुकीचे निर्णय घेणं यासाठी हे नाही.

याची सगळ्यात जवळची परीक्षा झाली ती जानेवारी २०२१ मध्ये. ६ तारखेला कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, ट्रम्प समर्थकांचा जमाव घुसला, १२ तारखेला प्रतिनिधिगृहाने २२३ विरुद्ध २०५ असा ठराव करून उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांना सांगितलं की चौथं कलम वापरा. पेन्स, ज्यांना फासावर द्या म्हणून तो जमाव ओरडत होता, त्यांनीच नकार दिला, पत्रात म्हणाले की हे कलम शिक्षा करायला नाही. दुसऱ्या दिवशी २३२-१९७ ने महाभियोग झाला, १० रिपब्लिकन पण बाजूने, आणि सिनेटमध्ये ५७-४३ वर अडकला, ६७ लागत होते. पेन्स घाबरले असं बरेच जण म्हणतात, मला मात्र त्यांचं म्हणणं कायद्याने बरोबर वाटतं. ६ तारखेला जे झालं ते तिसऱ्या खान्यातलं होतं, आणि त्याला औषध महाभियोगच होतं.

इथे एक आपला माणूस पण येतो. मिशिगनचे काँग्रेसमन श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेले, ज्यांचं मराठी आत्मचरित्र आपल्याकडे बऱ्याच जणांनी वाचलंय, त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं दाखल केली. त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातले लोक वैतागले की आकडे नसताना हे कशाला, आणि मे महिन्यात मतदानाचा आग्रह त्यांनी सोडला. पक्षांतर्गत राजकारणात हे असंच होतं, बेळगाव असो की डेट्रॉइट.

बरं, मग डॉक्टर लोक का नाही सांगत सरळ? त्यालाही इतिहास आहे. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर होते, कडक उजवे, अण्वस्त्रांबद्दल काहीही बोलायचे. एका मासिकाने देशातल्या १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवलं की हा माणूस राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या फिट आहे का. २,४१७ जणांनी उत्तरं पाठवली, त्यात १,१८९ म्हणाले फिट नाही, आणि काहींनी तर न भेटता, न तपासता थेट आजारांची नावं लिहिली, बालपण काढलं, आईबापांपर्यंत गेले. गोल्डवॉटर निवडणूक हरले पण बदनामीचा खटला जिंकले, नुकसानभरपाई १ डॉलर आणि वर दंड ७५,००० डॉलर. या प्रकाराने लाज गेली म्हणून अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये नियम केला की ज्याला स्वतः तपासलं नाही आणि ज्याची परवानगी नाही, अशा सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. हाच 'गोल्डवॉटर नियम'. २०१७ मध्ये ट्रम्प आल्यावर बऱ्याच तज्ज्ञांनी तो झुगारला, म्हणाले धोका दिसत असताना गप्प बसणं हे पण अनैतिक. दोन्ही बाजूंना दम आहे खरं तर. पण टीव्हीवरच्या क्लिप बघून 'हा डिमेन्शिया आहे' असं सांगणारे रील-डॉक्टर जे सध्या उगवलेत त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. ट्रम्प भाषणात एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतात आणि त्याला स्वतः 'वीव्ह' म्हणतात, ते वयाचं लक्षण की जुनी सवय की स्टाइल, हे खुर्चीत बसून कळत नाही.

मग ती टेस्ट? २०१८ आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांना ३० पैकी ३० मिळाले ती परीक्षा म्हणजे मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, लोक मोका म्हणतात. दहा-बारा मिनिटांची असते. घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, घनाचं चित्र बघून तसंच काढा, सिंह-गेंडा-उंट ओळखा, १०० मधून सात-सात वजा करत जा, पाच शब्द ऐका आणि पाच मिनिटांनी परत सांगा. २६ किंवा त्याहून जास्त मिळाले की नॉर्मल. डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना, एवढं चाळून बघायला ती बनवलीय, बुद्धिमत्ता मोजायला नाही. २०२० मध्ये ट्रम्प यांनी टीव्हीवर "पर्सन, वूमन, मॅन, कॅमेरा, टीव्ही" असं म्हणून दाखवलं आणि ही फार अवघड टेस्ट आहे म्हणाले, त्यावर जग हसलं. पण हसणारे पण चुकतात, कारण ३० पैकी ३० म्हणजे त्या दिवशी ढोबळ बिघाड दिसला नाही हे खरंच आहे. निर्णयशक्ती, संयम, राग आवरणं, यातलं काहीच ती मोजत नाही, आणि वाद तर त्याचाच आहे.

राहिले डॉक्टरांचे रिपोर्ट. इथे मूळ दुखणं आहे. व्हाइट हाऊसचा डॉक्टर बहुतेक वेळा लष्करातला असतो, म्हणजे पेशंटच त्याचा सरसेनापती! आणि काय जाहीर करायचं ते पेशंट ठरवतो. २०१५ मध्ये ट्रम्प यांच्या खासगी डॉक्टरने पत्र दिलं होतं की निवडून आले तर हे आजवरचे सगळ्यात निरोगी राष्ट्राध्यक्ष ठरतील, २०१८ मध्ये त्याच डॉक्टरने सांगितलं की पत्र ट्रम्प यांनीच डिक्टेट केलं होतं. जुलै २०२५ मध्ये पायांची सूज लपेना तेव्हा सांगितलं की शिरांचा त्रास आहे, क्रॉनिक व्हीनस इन्सफिशियन्सी, म्हातारपणात कॉमन. हातावरच्या डागांचं कारण सतत हस्तांदोलन आणि ॲस्पिरिन. असेलही तसंच. पण लोकांनी डोळ्यांनी पाहिल्यावर सांगितलं, आधी नाही.

आणि हे फक्त ट्रम्प यांचं नाही, हे डेमोक्रॅट मंडळींना बोचतं पण बोललंच पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बायडन यांच्याकडे सापडलेल्या गोपनीय कागदपत्रांची चौकशी करणारे विशेष वकील रॉबर्ट हर यांनी अहवालात लिहिलं की ज्यूरीला बायडन सद्हेतू असलेले पण कमजोर स्मरणशक्तीचे वृद्ध गृहस्थ वाटतील, तर पक्ष हर यांच्यावरच तुटून पडला. २७ जूनला अटलांटात डिबेट झाली, साऱ्या जगाने बायडन यांना वाक्य अर्धवट सोडताना पाहिलं, आणि २१ जुलैला उमेदवारी मागे. डिबेटनंतर लगेच टेक्सासचे रिपब्लिकन चिप रॉय यांनी ठराव आणला की हॅरिस यांनी २५वी वापरावी. म्हणजे २०२१ मध्ये ज्या पक्षाला हे कलम हवं होतं त्याला २०२४ मध्ये नको होतं आणि उलट. जुलै २०२५ मध्ये बायडन यांचे डॉक्टर केविन ओकॉनर यांना संसदीय समितीने बोलावलं तर त्यांनी पाचव्या घटनादुरुस्तीखाली गप्प बसायचा हक्क वापरला. त्यांच्या वकिलांचं म्हणणं पेशंटची गोपनीयता. विल्सन यांच्या ग्रेसननंतर शंभर वर्षांनी आपण तिथेच.

उपाय काहीच नाही का? एक बारीक फट आहे. चौथ्या कलमात मंत्रिमंडळाऐवजी 'काँग्रेस कायद्याने नेमेल अशी दुसरी संस्था' असेही शब्द आहेत, म्हणजे डॉक्टर आणि निवृत्त बड्या पदाधिकाऱ्यांचं एखादं स्वतंत्र मंडळ चालू शकतं. १९६७ पासून असं मंडळ कधी नेमलंच नाही. मेरीलँडचे डेमोक्रॅट काँग्रेसमन जेमी रॅस्किन यांनी २०१७ मध्ये तसं बिल आणलं, २०२० मध्ये तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींबरोबर परत आणलं, दोन्ही वेळा पुढे गेलं नाही. माझ्या मते आणायची खरी वेळ असते ती निवडणुकीच्या आधी, पुढचा कोण येणार हे दोन्ही पक्षांना माहीत नसताना, पण तेव्हा कुणाला फुरसत नसते. आणि पास झालं तरी ते सहीसाठी जाणार कुणाकडे, तर त्याच राष्ट्राध्यक्षाकडे, त्याने व्हेटो केला की परत दोन तृतीयांश. बरं तेही जमलं समजा, मंडळ बसलं, सगळ्या डॉक्टरांनी एकमताने लिहून दिलं, तरी घटनेप्रमाणे त्या कागदावर उपराष्ट्राध्यक्षाची सही लागतेच, तिला पर्याय नाही. आणि उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्याला निवडलेलं असतं त्याच राष्ट्राध्यक्षाने.